पावसाळी हवा आणि लाकडावरची झळाळी : एका पांढऱ्या डागाचा इतिहास (धागा)

१/
पावसाळ्यात लाकडी कपाटावर पारदर्शक लॅकर फवारले, तर कित्येकदा काही क्षणांतच त्यावर दुधासारखी झाक पसरते. पॉलिशवाले म्हणतात, ‘पॉलिश पांढरे पडले.’ दोष कारागिराच्या हाताचा नसतो, लाकडाचा नसतो, बहुधा लॅकरचाही नसतो. दोष हवेचा असतो. या पांढऱ्या डागाशी माणूस शंभराहून अधिक वर्षे झुंजतो आहे. त्या झुंजीत युद्धातील विमाने, मोटारींचे रंग, एका जिवाणूचे भाग्य आणि असंख्य कामगारांचे आरोग्य गुंतलेले आहे. त्याचा हा इतिहास.

२/
आधी दोन क्रियांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. लेप ‘सुकतो’ म्हणजे त्यातील द्रावक उडून जातो आणि विरघळलेला पदार्थ मागे उरतो. लेप ‘मुरतो’ म्हणजे त्यात रासायनिक क्रिया घडून लहान रेणूंच्या लांब साखळ्या बनतात आणि तो पक्का होतो. काही लेप केवळ सुकतात, काही मुरतात, काही दोन्ही करतात. तापमान आणि आर्द्रता या दोन्ही क्रियांवर परिणाम करतात; परंतु प्रत्येक लेपावर वेगळा, आणि कधी कधी अगदी उलटा.

३/
युरोपात शतकानुशतके चालत आले ते तेलाचे वार्निश. जवसाचे तेल राळेबरोबर शिजवून ते तयार करीत. हे वार्निश मुख्यतः मुरते : तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात, म्हणून हिवाळ्यात वार्निश दिवसेंदिवस चिकट राही आणि त्यावर धूळ बसे. चांगल्या कारखान्यांत वार्निशाची खोली वेगळी, बंदिस्त आणि उबदार ठेवली जाई ती याच कारणाने. दमट दिवसांत वार्निशाच्या चकाकीवर निळसर-धुरकट पापुद्रा चढे तो वेगळाच.

४/
घोडागाड्या बनवणाऱ्यांना या संथपणाचे फारसे दुःख नव्हते. श्रीमंतांच्या बग्गीवर थरावर थर चढत, प्रत्येक थर मुरू दिला जाई, घासला जाई, मग पुढचा थर. एका गाडीस कित्येक आठवडे लागत. वेळ हा त्या झळाळीचाच एक घटक होता. ही व्यवस्था पुढे कोलमडली ती सौंदर्यदृष्टी बदलली म्हणून नव्हे. गाड्यांची संख्या बदलली म्हणून.

५/
पूर्वेकडे मात्र एक असा लेप होता, ज्याला दमट हवाच हवी असे. जपानमधील उरुशी, अर्थात त्या झाडाच्या खोडाला चिरा देऊन काढलेला चीक. हा लेप कोरड्या खोलीत ठेवला तर ओलाच राहतो. म्हणून कारागीर लेप दिलेली भांडी लाकडी कपाटात ठेवतात, आतील भिंती पाण्याने ओलावतात आणि हवा साधारण २० ते ३० अंश तापमान व ७० ते ८५ टक्के आर्द्रता या मर्यादेत राखतात. दमट हवेत वस्तू ‘वाळत’ घालायची, ही गोष्ट परक्या माणसास चमत्कारिकच वाटावी.

६/
या कोड्याची उकल १८८३ मध्ये सुरू झाली. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, चिकातील एक विकरासारखा पदार्थ हे काम घडवतो. पुढे फ्रान्सच्या गाब्रिएल बर्त्रां याने त्याला ‘लॅकेज’ हे नाव दिले. रिको माजिमा याने विसाव्या शतकाच्या आरंभी चिकातील मुख्य घटकाची, उरुशिओलची, रचना उलगडली. विकर हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने उरुशिओलचे रेणू एकमेकांस जोडते. आणि विकराचे काम चालण्यास ओलावा अत्यावश्यक असतो.

७/
पण येथेही अति सर्वत्र वर्ज्यच. आर्द्रता फार वाढली तर वरचा थर आतल्या थराआधी मुरतो, आक्रसतो आणि त्यावर सुरकुत्या पडतात. रंगही अधिक काळवंडतो. त्यामुळे उरुशीचा कारागीर एका अर्थाने हवेचाच कारागीर असतो. शास्त्राने कारण सांगण्याच्या कित्येक शतके आधी त्याच्या हातांनी ते ओळखले होते. मात्र किंमत होतीच : कच्च्या उरुशीचा स्पर्श त्वचेला बाधतो, आणि अंगावर उठणारे फोड हा त्या धंद्यातील प्रत्येक नवशिक्याचा पहिला धडा असे.

८/
भारताचा स्वतःचा लेप लाखेचा. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांचा हा स्राव. तो शुद्ध करून चपडा लाख बनते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीने लाकडावर घासली की ‘फ्रेंच पॉलिश’ होते. हा लेप सुकणारा. स्पिरिट उडाले की काम झाले. पण स्पिरिट हवेतील पाणी ओढून घेते आणि लाख पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे दमट दिवशी हे पॉलिशही पांढरे पडते. आपल्या सुतारांना हा डाग फवाऱ्याच्या यंत्राआधीपासून ठाऊक आहे.

९/
सावंतवाडी आणि चन्नपट्टण येथील लाखकामाची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कातकामात फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. येथे स्पिरिट नाही, द्रावक नाही, त्यामुळे उडून जाण्याजोगे काहीच नाही. जेथे पाऊस चार महिने कोसळतो त्या कोकणात ही रीत टिकून राहिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१०/
आधुनिक कथेचा आरंभ १८४६ मध्ये होतो. बाझेल येथील क्रिस्टियान शोनबाइन याने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया घडवून स्फोटक ‘गनकॉटन’ तयार केला. त्याचेच कमी स्फोटक रूप म्हणजे लॅकरचे नायट्रोसेल्युलोज. ते योग्य द्रावकात विरघळते आणि द्रावक उडाला की काचेसारखा पारदर्शक पापुद्रा मागे ठेवते. १८८२ मध्ये अमेरिकेतील जॉन स्टीव्हन्स याने त्यासाठी अमाइल अॅसिटेट हा केळ्याच्या वासाचा द्रावक सुचवला. हा द्रावक सावकाश उडणारा असल्याने उत्तम होता. परंतु त्याचा कच्चा माल दारूच्या भट्ट्यांतील दुय्यम पदार्थांतून मिळे आणि तो मर्यादित होता.

११/
दुसरे साधन म्हणजे फवारा. १८८७ च्या सुमारास शिकागोत जोसेफ बिंक्स याने हातपंपाने चुना फवारण्याचे यंत्र वापरात आणले आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील अवाढव्य पांढऱ्या इमारती फवाऱ्यानेच रंगवल्या गेल्या. ओहायोतील टोलेडो येथे डॉ. अॅलन डीव्हिलबिस यांनी रुग्णांच्या घशात औषध फवारण्याचे उपकरण बनवले होते. त्यांचा पुत्र थॉमस याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेच तत्त्व रंगाच्या स्प्रे गनला लावले. घशाच्या औषधाचे यंत्र लाकडाच्या कारखान्यात पोहोचले.

१२/
फवाऱ्याने वेग आणला आणि त्याच वेगाने पांढरा डागही आणला. त्यामागचे तत्त्व समजण्यास माठ पुरेसा आहे. माठातून झिरपणारे पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते, म्हणून आतले पाणी गार होते. लॅकरमधील द्रावकही तसेच करतो. फवाऱ्यात त्याचे लक्षावधी सूक्ष्म थेंब होतात, उघडा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, द्रावक झपाट्याने उडतो आणि ओला थर आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतो.

१३/
पण माठात आणि लॅकरमध्ये एक निर्णायक फरक आहे. पावसाळ्यात माठ नीट गार होत नाही, कारण हवेत आधीच पाण्याची वाफ भरलेली असते. लॅकरच्या द्रावकाची वाफ मात्र हवेत नसते; म्हणून तो पावसाळ्यातही तितक्याच जोमाने उडतो आणि थर तितकाच थंड करतो. हवा ओली आणि पृष्ठभाग थंड, असा दुहेरी पेच पडतो. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव जमते, तसे ओल्या लॅकरवर दव जमते.

१४/
आकड्यांत सांगायचे तर, २८ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सुमारे १३ अंशांवर असतो. म्हणजे थर १५ अंशांनी थंड झाला तरच त्यावर दव धरेल. त्याच २८ अंशांना आर्द्रता ८५ टक्के झाली की दवबिंदू २५ अंशांवर चढतो आणि तीन अंशांची घसरणही पुरते. तापमापकाकडे पाहून दोन्ही दिवस सारखेच भासतात. फरक असतो तो न दिसणाऱ्या पाण्यात.

१५/
दव पडल्याने पांढरेपणा का यावा? नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. थरात पाणी शिरले की ते द्रावणातून बाहेर पडून साकळते, जसे लिंबाने दूध नासते. पाणी पुढे उडून जाते, पण मागे असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि प्रकाश त्यांत विखुरतो. ढग पांढरा दिसतो, त्याच न्यायाने. हा केवळ दिसण्यातला दोष नव्हे. असा थर ठिसूळ आणि कमकुवतही असतो.

१६/
तो कमकुवतपणा पहिल्या महायुद्धात जीवघेणा ठरण्याजोगा झाला. त्या काळातील विमानांचा सांगाडा लाकडी आणि पंख कापडाचे. कापड ताणून धरण्यासाठी त्यावर ‘डोप’ नावाचा सेल्युलोजचा लेप देत. दमट हवेत डोप पांढरा पडला की कापड ढिले राही आणि लेपाचा भरवसा उरत नसे. म्हणून डोप देण्याच्या खोल्या उबदार ठेवाव्या लागत आणि बाहेरची ओलसर थंड हवा आत येऊ न देण्याकडे कल असे.

१७/
येथे हवेचा प्रश्न माणसाच्या श्वासाशी येऊन भिडला. ब्रिटनमधील डोपमध्ये टेट्राक्लोरोएथेन हा द्रावक वापरला जाई. तो सावकाश उडे, सहज पेट घेत नसे; लेपाच्या दृष्टीने गुणीच. पण तो यकृतावर घाला घाली. विमानांच्या कारखान्यांत कामगारांना, त्यांत पुष्कळ स्त्रियांना, विषारी कावीळ होऊ लागली आणि काहींचे प्राण गेले. १९१६ पासून ब्रिटनमध्ये या विषारी काविळीची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक झाले आणि हा द्रावक हळूहळू हटवला गेला. लेपाला उबदार बंद खोली हवी होती. माणसाला वाहती हवा. दोघांच्या गरजा परस्परविरोधी होत्या.

१८/
त्याच युद्धात आणखी एक धागा विणला जात होता. तोफगोळ्यांतील कॉर्डाइट बनवण्यास अॅसिटोन लागे आणि ब्रिटनला त्याचा तुटवडा भासत होता. मँचेस्टर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमान यांनी एका जिवाणूच्या साहाय्याने मक्यासारख्या पिष्टमय धान्यातून अॅसिटोन मिळवण्याची रीत शोधली. हेच वाइझमान पुढे इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. धान्याची टंचाई वाढली तेव्हा, १९१७ मध्ये, ब्रिटनमधील शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करवून तीही या कामी लावून पाहिली गेली.

१९/
या पद्धतीचे कारखाने ब्रिटनखेरीज कॅनडातील टोरांटो आणि अमेरिकेतील टेर होट येथे चालले. हिंदुस्थानात नाशिक येथेही अॅसिटोनच्या कारखान्याची उभारणी हाती घेतली गेली. मात्र जिवाणू केवळ अॅसिटोन देत नसे. अॅसिटोनच्या एका भागामागे जवळजवळ दोन भाग ब्युटानॉल तयार होई. युद्धाला अॅसिटोन हवे होते. ब्युटानॉलचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो एक नकोसा, साठत जाणारा पदार्थ होता.

२०/
युद्ध संपले आणि मोटारींचे युग वेगाने पुढे सरकले. फोर्डच्या कारखान्यात १९१४ पर्यंत मॉडेल टी गाडीचा सांगाडा सुमारे ९३ मिनिटांत जुळवला जाऊ लागला होता. रंगाचे वार्निश मात्र पूर्वीच्याच चालीने, दिवसामागून दिवस घेत, मुरत होते. बंदिस्त मोटारींची धडे तेव्हा लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बनत, त्यामुळे त्यांना भट्टीत प्रखर उष्णताही देता येत नसे. उंची गाड्यांना तर आठवडे लागत. हजारो गाड्या केवळ वाळण्यासाठी छपराखाली उभ्या. भांडवल अडकलेले, जागा अडकलेली, आणि हुकूम हवेचा.

२१/
नायट्रोसेल्युलोज काही मिनिटांत सुके. पण त्याचे द्रावण फार दाट असे. फवारता येईल इतके पातळ केले की त्यात ठोस पदार्थ नगण्य उरे आणि अनेक थर द्यावे लागत. ही कोंडी १९२० च्या जुलैत फुटली. न्यू जर्सीतील पार्लिन येथे ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत फिल्मसाठी बनवलेल्या, सोडियम अॅसिटेट मिसळलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या द्रावणाला उन्हाळ्याच्या उष्म्यात नुसते पडून राहावे लागले आणि ते पाकासारखे पातळ झाल्याचे आढळले. हवेने बहुतेकदा काम बिघडवले होते. या वेळी तिने वाट दाखवली.

२२/
पातळ द्रावणात आता भरपूर नायट्रोसेल्युलोज आणि भरपूर रंगद्रव्य मावू लागले. जनरल मोटर्सच्या साहाय्याने तीन वर्षे प्रयोग झाले आणि त्यातून ‘ड्यूको’ हा लेप आला. ओकलंड या गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर तो निळ्या रंगात झळकला. आठवड्यांचे काम तासांवर आले. वर्षानुवर्षे केवळ काळ्या रंगात विकल्या जाणाऱ्या मॉडेल टी समोर रंगीबेरंगी गाड्या उभ्या राहिल्या. ग्राहक रंग पाहून गाडी निवडू लागला, यामागे एका लेपाच्या दाटपणाचा प्रश्न सुटणे होते.

२३/
आणि येथे तो नकोसा ब्युटानॉल कामी आला. त्यापासून बनणारा ब्युटाइल अॅसिटेट १२६ अंशांना उकळतो. अॅसिटोन ५६ ला, एथिल अॅसिटेट ७७ ला. अर्थात ब्युटाइल अॅसिटेट या दोघांपेक्षा बराच सावकाश उडतो. थरावर दव पडले तरी द्रावक अधिक वेळ मागे थांबतो, साकळलेले नायट्रोसेल्युलोज पुन्हा विरघळवतो आणि थर स्वच्छ होतो. टेर होटचे कारखाने घेऊन कमर्शियल सॉल्व्हंट्स ही कंपनी उभी राहिली. आता तिथे ब्युटानॉल हे मुख्य उत्पादन आणि अॅसिटोन दुय्यम ठरले. युद्धातला कचरा शांततेतले धन झाला.

२४/
मोटारींपाठोपाठ मेजे, खुर्च्या, पलंग, रेडिओच्या पेट्या, गिटारी यांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. सकाळी फवारलेले कपाट संध्याकाळी गाडीत चढू लागले. पण गनकॉटनचा हा सहोदर आपला स्वभाव विसरला नव्हता. फवारणीच्या खोलीत भिंतींवर साठणारी कोरडी भुकटी ठिणगीने पेट घेई. त्यासाठी पंख्यांनी वाफ ओढून घेणाऱ्या फवारणीच्या कोठड्या आल्या. मात्र आतली हवा बाहेर फेकली की तितकीच बाहेरची हवा आत येते, आणि पावसाळ्यात ती ओलावा घेऊनच येते. सुरक्षितता आणि झळाळी यांची पुन्हा गाठ पडली.

२५/
हवेलाच वेसण घालण्याचा मार्ग मात्र दुसऱ्याच धंद्यातून आला. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसेनात. तरुण अभियंता विलिस कॅरियर याने हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातील पाणी काढून टाकण्याची योजना केली. १९११ मध्ये त्याने तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू यांचे संबंध सूत्रबद्ध करून अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. वातानुकूलनाचा जन्म माणसाच्या सुखासाठी नव्हे, तर मालाच्या सुरक्षिततेसाठी झाला.

२६/
छोट्या कारखान्यांना असे यंत्र परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी उपाय म्हणजे ‘रिटार्डर’, अर्थात द्रावकाची घाई रोखणारा आणखी सावकाश द्रावक. १९२० च्या दशकापासून ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायने यासाठी आली. काम चोख होई. परंतु त्यांपैकी काही, विशेषतः एथॉक्सिएथेनॉल, रक्तावर आणि प्रजननक्षमतेवर घातक परिणाम करतात, हे दशकांनंतर पुरेसे सिद्ध झाले आणि त्यांच्या वापरावर बंधने आली. जो द्रावक लेपातून सावकाश उडतो, तो कामगाराच्या भोवतीही अधिक काळ रेंगाळतो. आणि यांतील काही तर त्वचेतूनही शरीरात शिरतात.

२७/
थंडीचे वेगळे गाऱ्हाणे. नायट्रोसेल्युलोज केवळ सुकते, मुरत नाही. त्यामुळे वर्षांनुवर्षे ते ठिसूळ होत जाते. लाकूड ओलाव्याने फुगते, कोरडेपणाने आक्रसते. वरचा पापुद्रा तितका हलू शकत नाही. कडाक्याच्या थंडीतून आणलेली जुनी गिटार उबदार खोलीत एकदम पेटीबाहेर काढली तर लॅकरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. संग्राहक आज याच भेगांना अस्सलपणाची खूण मानतात. एका पिढीचा दोष दुसऱ्या पिढीचा अलंकार ठरतो, तो असा.

२८/
१९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा मार्ग खुला केला. पुढे लाकडावर आलेला दोन भागांचा पॉलियुरेथेन लेप खऱ्या अर्थाने मुरणारा आहे : दोन द्रव्ये मिसळली की साखळ्या गुंफल्या जातात. त्यातील आयसोसायनेट मात्र पाण्याशीही तितक्याच उत्साहाने जुळते आणि त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो. दमट दिवशी थरात बारीक बुडबुडे अडकतात ते यामुळे. थंडीत हीच क्रिया मंदावते. वरून कोरडा दिसणारा थर आतून कच्चा राहतो आणि त्यावर नखाची खूण उमटते.

२९/
रसायनशास्त्रज्ञांनी या दोषाचाही उपयोग केला. एकाच भागाचे असे पॉलियुरेथेन बनवले, जे डब्यात शांत राहते आणि हवेतील ओलाव्याशी गाठ पडली की मुरते. उरुशीप्रमाणेच यालाही कोरडी हवा मानवत नाही. तत्त्व वेगळे, पण रीत तीच. मात्र फवारलेले आयसोसायनेट श्वासात गेल्यास दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे अत्यल्प मात्राही सोसत नाही. म्हणून असा लेप फवारणाऱ्यास बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे.

३०/
दरम्यान, उडून गेलेला द्रावक जातो कोठे, हा प्रश्न शहरांनी विचारला. लॉस एंजेलिसवर १९४० च्या दशकात झोंबणारे धुरके पसरू लागले. मोटारींचा धूर आणि द्रावकांच्या वाफा यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते बनते, असे आरी हागेन-स्मिट यांनी दाखवले. १९६६ मध्ये तेथे ‘नियम ६६’ आला आणि द्रावकांवर बंधने घातली गेली. आजवर हवा लेपाला बिघडवत होती. आता लेपच हवेला बिघडवतो आहे, हे कायद्याने मान्य केले.

३१/
त्यातून पाण्यावर आधारित लेपांना बळ मिळाले. यात रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. येथे दव पडून पांढरे होण्याचे भय उरत नाही, पण तापमान ठराविक मर्यादेखाली गेले तर कण कडक राहतात, एकजीव होत नाहीत आणि थर भेगाळतो. आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात पाणी उडतच नाही. हवेत आधीच पाणी भरलेले असते. लेप तासन्‌तास ओला राहतो आणि लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात.

३२/
म्हणजे कथा पुन्हा माठापाशी आली. नायट्रोसेल्युलोज लॅकर पावसाळ्याला न जुमानता सुकत असे आणि म्हणूनच बिघडत असे. पाण्याचा लेप पावसाळ्यापुढे हात टेकतो आणि म्हणून ताटकळत ठेवतो. उपायही त्यानुसार बदलला : पहिल्याला सावकाश उडणारा द्रावक हवा, दुसऱ्याला वाहती, उबदार, कोरडी हवा. एकाच्या उपायाने दुसरा बरा होत नाही.

३३/
या साऱ्या इतिहासातून कारागिराच्या हाती काही साध्या गोष्टी उरतात. केवळ तापमान पाहू नये, आर्द्रताही पाहावी. पावसाच्या सरीनंतर लगेच लॅकर फवारू नये. लाकूड आणि लेप दोन्ही खोलीच्या तापमानाला आलेले असावेत. थंड फळीवर दव आधी धरते. थर पातळ द्यावा. लॅकर पांढरे पडलेच, तर घाईने खरवडू नये. हवा कोरडी झाल्यावर सावकाश उडणाऱ्या द्रावकाचा हलका फवारा दिल्यास पुष्कळदा थर पुन्हा विरघळून स्वच्छ होतो. आणि मुखवट्याविना, खिडक्या लावून फवारणी कधीही करू नये.

३४/
या शेवटच्या सूचनेत शंभर वर्षांचा अनुभव आहे. उरुशीच्या कपाटात, डोपच्या खोलीत, ड्यूकोच्या कारखान्यात आणि आजच्या फर्निचरच्या शेडमध्ये प्रश्न एकच राहिला : हवा कोणासाठी राखायची, लेपासाठी की माणसासाठी? ज्यांनी केवळ लेपाचा विचार केला, त्यांना झळाळी मिळाली आणि तिची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी फुफ्फुसांनी, यकृताने, रक्ताने चुकवली. दोघांचाही विचार करणारी व्यवस्था महाग पडते. पण ती अशक्य मात्र कधीच नव्हती.

३५/
लाकडाच्या फळीवर उमटलेली ती दुधाळ झाक म्हणजे हवेने लिहिलेली नोंद आहे : त्या क्षणी खोलीत किती पाणी होते, पृष्ठभाग किती थंड झाला होता आणि द्रावक किती घाईत होता. ती वाचता आली, तर डाग टाळता येतो. फवारणाऱ्याच्या छातीत काय साठले, याची नोंद मात्र फळीवर उमटत नाही. ती वेगळीच ठेवावी लागते.

(धागा समाप्त)